प्लेऑफ ‘पक्का’ म्हणण्याआधी या चुका टाळा

फुटबॉलचा मोसम अर्ध्यावर आला की फोंड्यापासून मडगावपर्यंत एकच प्रश्न: यंदा गोवा प्लेऑफला, म्हणजे साखळीनंतरच्या बाद सामन्यांना, जातो का? प्रश्नात वाईट काही नाही. उत्तरं देणारे मात्र दरवर्षी त्याच त्या चुका करतात. मोबाईलवर गुणतक्ता उघडायचा, आपला क्लब एफसी गोवा चौथा-पाचवा दिसला की ‘फोर्सा गोवा’च्या घोषणा देत नाचायचं, आठवा दिसला की प्रशिक्षकाला घरी पाठवायचं. दोन्ही निकाल अर्ध्या मिनिटात. ऐकून ऐकून कान किटले, म्हणून हे लिहायला घेतलं. उदाहरणं आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची आहेत, २०२४-२५पर्यंतच्या मोसमांतली.

आधी नियम, कारण वाद घालणाऱ्यांतल्या निम्म्यांना तोच ठाऊक नसतो. २०२१-२२पर्यंत पहिले चार संघ पुढे जायचे. २०२२-२३पासून २०२४-२५पर्यंत सहा. पहिले दोन थेट उपांत्य फेरीत. तिसरा ते सहावा यांची एकेक सामन्याची बाद फेरी, तीही वरच्या क्रमांकाच्या संघाच्या मैदानावर. अजूनही ‘पहिल्या चारांत आहोत का’ म्हणून विचारणारे भेटतात. त्यांच्याशी मी पावसाबद्दल बोलतो.

‘सामने’ हा रकाना न वाचणं

तक्त्यात गुणांच्या आधी हा रकाना असतो आणि तो कोणी वाचत नाही. २०२२-२३ला संघ होते ११, २०२४-२५ला १३. संघ विषम असले की दर फेरीत एक संघ बसून राहतो. त्यात वेळापत्रकाची ओढाताण वेगळी. त्यामुळे मोसमाच्या मध्यावर एकाचे दहा सामने झालेले असतात, तर दुसऱ्याचे बारा. दोन सामने म्हणजे सहा गुण, आणि सहा गुणांत चौथ्याचा आठवा व्हायला वेळ लागत नाही. मी गुणांना सामन्यांनी भागतो आणि जो आकडा येतो तोच धरून बोलतो. ज्याला एवढा भागाकार करायचा कंटाळा आहे त्याने निदान पैज तरी लावू नये.

हा आकडा ताडायचा सहाव्या क्रमांकाशी. २०२२-२३ला ओडिशा २० सामन्यांत ३० गुण घेऊन सहावी होती. २०२४-२५ला मुंबई सिटी २४ सामन्यांत ३६. दोन्ही वेळा सामन्यामागे दीड गुण. मधल्या २०२३-२४ला मात्र चेन्नईयिन २२ सामन्यांत २७ गुणांवर आत गेली, म्हणजे सव्वाचीही मारामार. गंमत अशी की त्याआधीच्या वर्षी गोव्याचेही २७ गुणच होते, तेसुद्धा २० सामन्यांत, आणि गोवा सातवा येऊन घरी बसला. तेव्हा ‘सत्तावीस झाले की झालं’ असले तयार तोडगे माझ्याकडे आणू नका. दीडच्या वर असाल तर निवांत राहा, सव्वाच्याही बऱ्याच खाली असाल तर पुढच्या मोसमाचं बघा. खरी अडचण या दोन्हींच्या मध्ये लोंबकळणाऱ्यांची असते आणि आपण बहुतेकदा तिथेच असतो.

झालेले सामने मोजायचे, उरलेले नाहीत

ही चूक माझ्या डोक्यात जाते, म्हणून सविस्तर सांगतो.

२६ जानेवारी २०२३. घरच्या मैदानावर, फातोर्ड्याला, गोव्याने ईस्ट बंगालला ४-२ने हरवलं. इकेर ग्वारोचेनाने पहिल्या अर्ध्या तासातच हॅटट्रिक केली. त्याच रात्री म्हापशाच्या भाच्याचा घरच्या ग्रुपवर मेसेज: ‘मामा, प्लेऑफ पक्का! तिकिटांचे पैसे काढून ठेवा.’ पाठोपाठ तक्त्याचा फोटो, गोव्याच्या नावाभोवती नारिंगी गोल काढलेला. मी एवढंच विचारलं, ‘राहिलेत कोण कोण?’ उत्तर आलं, ‘कोण का असेनात!’

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. वेळापत्रक जाहीर झालं की गोव्याचे सामने मी त्यावर लिहून टाकतो, घरचे निळ्या पेनाने, बाहेरचे लाल पेनाने. त्याच चौकोनांत बायकोचा दुधाचा हिशेब आणि गॅसच्या तारखा असतात, त्यामुळे जागेवरून भांडण ठरलेलं. त्या रात्री फेब्रुवारीचं पान उलटून पाहिलं. आधी भुवनेश्वरात ओडिशा, म्हणजे सहाव्या जागेसाठी ज्यांच्याशी थेट झटापट होती तेच. मग ११ तारखेला फातोर्ड्यावर मुंबई, जी त्या मोसमात तोवर एकदाही हरलेली नव्हती. मग घरीच चेन्नईयिन. आणि २३ला लाल पेनाने लिहिलेलं बेंगळुरू. त्या पानाचा फोटो काढून भाच्याला पाठवला. त्याने हसणारा चेहरा पाठवला.

ओडिशाशी बरोबरी झाली. मुंबईने फातोर्ड्यावर येऊन ५-३ने हरवलं आणि लीग शिल्ड, म्हणजे साखळीत पहिला येणाऱ्याची ढाल, खिशात घातली. चेन्नईयिननेही हरवलं. तरी शेवटच्या दिवशी बेंगळुरूत जिंकलो असतो तर धुगधुगी होती. तिथे १-३. ईस्ट बंगालला हरवल्यानंतर गोवा त्या लीगमध्ये एकही सामना जिंकला नाही.

आता त्या बेंगळुरूचंच बघा. डिसेंबर २०२२ संपला तेव्हा त्यांचे १२ सामन्यांत १० गुण होते: तीन विजय, एक बरोबरी, आठ पराभव. आपल्याकडच्या जाणकारांनी त्यांना कधीच मोडीत काढलं होतं. पण त्या आठ पराभवांतले चार ०-१ असे होते. तीन-चार गोल खाऊन हरणारा संघ आणि एका गोलाने हरणारा संघ तक्त्यात सारखाच दिसतो, दोघांपुढे शून्य गुण. मी मात्र ०-१वाल्याला कधीच मेलेला धरत नाही. बेंगळुरूने उरलेले आठच्या आठ सामने जिंकले, ३४ गुणांवर चौथे आले आणि अंतिम फेरीपर्यंत पोचले. शिवाय त्यांच्या त्या पडत्या काळातसुद्धा नोव्हेंबरात त्यांनी फातोर्ड्यावर येऊन गोव्याला २-०ने हरवलं होतं. ज्याला ते आठवत होतं त्याला २३ फेब्रुवारीचं आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं.

माझी रीत अशी: उरलेल्या सामन्यांपुढे बारीक खुणा करतो. दोन-तीन पायऱ्या वर असलेल्या संघाशी सामना असेल तर तिथे शून्य गुण धरायचे, मिळाले तर बोनस. तळाच्या संघाशी बाहेर सामना असेल तर एकच धरायचा, कारण ज्यांच्यावर दडपण नाही ते खेळ खराब करायला मोकळे असतात. उरतात ते सहाव्या जागेच्या आसपासचे. त्यांच्याविरुद्ध आतापर्यंत काय केलं, हा एकच प्रश्न मी कोणालाही विचारतो. त्यांच्याकडून एकही विजय न घेता कोणी तक्त्यात पाचवा असेल तर तो पाहुणा आहे, घरचा नव्हे.

गोलफरकाचा लळा

ही दुसरी लाडकी चूक. २०१८-१९ला फोंड्यातल्या एका हॉटेलात पातळ भाजी आणि पाव खाताना बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी आम्हाला कागदी रुमालावर हिशेब मांडून दाखवला. गोवा आणि बेंगळुरू बरोबरीत राहिले तर पहिला गोवाच. गोवा गोल करतोय किती! गोव्याचा आघाडीवीर कोरो सुटलेला होता, त्याने त्या मोसमात १६ गोल केले. बँकेतला माणूस, आकड्यांत कसा चुकेल, म्हणून टेबलावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने तर रुमाल घडी करून खिशात ठेवला.

साखळी संपली तेव्हा खरोखरच दोघांचेही १८ सामन्यांत ३४ गुण झाले. गोव्याने ३६ गोल करून २० खाल्लेले, फरक १६. बेंगळुरूने २९ करून २२ खाल्लेले, फरक ७. आणि पहिला आला बेंगळुरू. कारण गुण सारखे झाले तर आयएसएलमध्ये आधी त्या दोन संघांमधले सामने बघतात आणि बेंगळुरूने आपल्याला फातोर्ड्यावरही हरवलं होतं आणि त्यांच्या घरीही. मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात बेंगळुरूकडूनच जादा वेळेत राहुल भेकेच्या गोलावर तिसऱ्यांदा हरलो, तो भाग वेगळा. २०२०-२१ला मुंबई आणि एटीके मोहन बागान ४० गुणांवर बरोबरीत राहिले, तेव्हाही शिल्ड मुंबईला गेली ती दोन्ही सामने जिंकल्यामुळे. त्यातला दुसरा इथेच, आपल्या बांबोळीला झाला होता.

मोसमाच्या मध्यावर याचा अर्थ काय, तर शेजारच्या संघाशी पहिला सामना हरला असाल तर दुसरा नुसता जिंकून भागत नाही, किती गोलांनी जिंकायचा तेही मोजावं लागतं. आणि बहुतेक जोड्यांचे दोन्ही सामने तेव्हा झालेलेच नसतात, त्यामुळे तक्त्यात सारख्या गुणांवर कोण वर आणि कोण खाली हे तात्पुरतं असतं. तळाच्या संघाला पाच गोल मारले म्हणून हुरळू नका, ते पाचही गोल एप्रिलपर्यंत कामाला येतीलच असं नाही.

आता किरकोळ चुका, भराभर.

प्रशिक्षक बदलला म्हणजे मोसम संपला, असं नसतं. २०१९-२०ला चेन्नईयिन तळाशी लोळत होती, ओवेन कॉयल आले, संघ चौथा आला आणि उपांत्य फेरीत पहिल्या क्रमांकाच्या गोव्यालाच दोन सामन्यांत मिळून ६-५ने बाहेर काढून गेला. पुढच्या वर्षी खालिद जमील यांनी नॉर्थईस्टला असंच तिसऱ्या क्रमांकावर नेलं. आणि प्रशिक्षक बदलला म्हणजे जादू होते, असंही नाही: डिसेंबर २०२१ला आपले प्रशिक्षक फेरांदो गोवा सोडून मोहन बागानकडे गेले आणि आपण अकरा संघांत नववे आलो.

‘अजून हरलेलेच नाहीत’ हे वाक्य जानेवारीत बोलू नये. २०२३-२४ला गोवा पहिले १२ सामने अपराजित होता. जानेवारीत आशिया चषकात भारताकडून खेळताना आपला बचावपटू संदेश झिंगन दुखापत होऊन मोसमाबाहेर गेला. फेब्रुवारीत मोहन बागान फातोर्ड्यावर जिंकून गेले आणि कोचीत २-०ची आघाडी असताना केरळकडून ४-२ने मार खाल्ला. तिसरे आलो, पण शिल्ड गेली. भारताच्या संघात तुमचे कोण कोण जातात आणि कोणत्या अवस्थेत परत येतात, ते बघत जा.

पिवळी कार्डं मोजा. एका खेळाडूची चार झाली की तो एक सामना बाहेर, आणि तो सामना हमखास नको त्या संघाशी असतो.

टक्केवारी दाखवणारी ॲप्स: ‘प्लेऑफची शक्यता ६८ टक्के’. कशावरून, ते विचारलं तर सांगता येत नाही. ज्यांना नव्वद मिनिटं बसायचा धीर नाही त्यांच्यासाठी ती सोय आहे. हायलाइट्स पाहून मत देणारेही त्याच पंगतीतले. गोल दिसतात, पण सत्तराव्या मिनिटानंतर मधली फळी कशी चालत परत येते ते दिसत नाही.

आत जाणारा आणि आत टिकणारा, यातला फरक

यासाठी माझ्या वहीत एक वेगळी नोंद असते: शेवटच्या दहा मिनिटांत किती गोल खाल्ले. गोव्याच्या माणसाला याचं कारण समजावून सांगावं लागू नये. २० डिसेंबर २०१५ला फातोर्ड्यावर अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-१ने पुढे, मग स्वयंगोल, मग चेन्नईयिनच्या मेंडोझाचा गोल, आणि चषक चेन्नईला. एप्रिल २०२४ला उपांत्य फेरीत मुंबईविरुद्ध २-०ने पुढे, नव्वदाव्या मिनिटापासून तीन गोल खाऊन २-३. एप्रिल २०२५ला उपांत्य फेरीत बेंगळुरूतल्या पहिल्या सामन्यातली दोन गोलांची पिछाडी फातोर्ड्यावर भरून काढली आणि इंज्युरी टाईममध्ये सुनील छेत्रीचं हेडर आत. तिन्ही वेळा साखळीतला क्रमांक उत्तम होता: पहिला, तिसरा, दुसरा.

म्हणून जो संघ डिसेंबरपर्यंत तीन-चार वेळा ऐंशीव्या मिनिटानंतर गुण घालवतो, तो तिसरा असला तरी मी त्याला दावेदार म्हणत नाही. सहावा असेल पण शेवटी पाय रोवून उभा राहत असेल, तर म्हणतो. ही नोंद तक्त्यात सापडत नाही, त्यासाठी शिट्टी वाजेपर्यंत जागेवर बसावं लागतं. आणि फातोर्ड्यावर आपली निम्मी मंडळी पंच्याऐंशीव्या मिनिटालाच स्कूटर काढायला उठलेली असतात.