ऑनलाइन अभ्यासक्रमातील गळती : या चुका टाळा

अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यांचे प्रमाण कमी दिसले, की शिकणाऱ्यांत चिकाटीच नाही असे म्हणून मोकळे होणे ही आयोजकांची सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण मग गळती नेमकी कोठे होते हे कोणी पाहतच नाही. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या २०१२ ते २०१८ या काळातील खुल्या अभ्यासक्रमांच्या नोंदी तपासणारा लेख ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार नाव नोंदवणाऱ्यांपैकी ५२ टक्के जणांनी अभ्यासक्रम एकदाही उघडला नव्हता. २०१७-१८ मध्ये एकूण नोंदणीपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी तो पुरा केला. मात्र प्रमाणपत्रासाठी शुल्क भरलेल्यांत हेच प्रमाण ४६ टक्के होते. त्यामुळे कुतूहलापोटी नाव नोंदवणारा, शिकायचे असूनही सुरुवात लांबवणारा आणि तिसऱ्या आठवड्यात अडकणारा, या तिघांना एका सरासरीत कोंबू नये.

सुरुवात लांबवणाऱ्यासाठी पहिला आठवडा स्वागतपर भाषणे आणि नियमावलीने भरून टाकणे घातक ठरते. पहिल्याच बैठकीत पुरा होईल असा छोटा स्वाध्याय द्यावा आणि त्यावर लगेच अभिप्राय मिळेल अशी सोय करावी.

अडकलेल्याची गोष्ट वेगळी आहे. पुष्कळ जण एकाच धड्यावर थांबत असतील, तर दोष बहुधा त्या धड्यात असतो : एखादे पूर्वज्ञान गृहीत धरलेले असते किंवा उदाहरण आणि स्वाध्याय यांच्यातली पायरीच गाळलेली असते. अशा वेळी स्मरणपत्रे पाठवून काहीही साधत नाही. धडा दुरुस्त करावा लागतो. स्मरणपत्र पाठवायचेच असेल, तर ‘आपण मागे पडला आहात’ असे न बजावता पुढचा धडा कोणता आणि त्याला किती वेळ लागेल एवढेच कळवावे.

व्हिडिओची लांबीही तपासावी. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर व्हिडिओ पाहिल्याच्या ६९ लाख सत्रांच्या २०१४ मधील अभ्यासात, व्हिडिओ कितीही मोठा असला तरी प्रेक्षक साधारणपणे सहा मिनिटांहून अधिक टिकत नाहीत, असे आढळले. तासाभराच्या व्याख्यानाचे नुसते दहा तुकडे करणे हा मात्र उपाय नव्हे. प्रत्येक भागात एकच मुद्दा असावा आणि त्यानंतर प्रश्न यावा.

मुदतींच्या बाबतीत दोन्ही टोके वाईट. मुदतच नसेल तर काम उद्यावर ढकलले जाते, आणि एक मुदत हुकताच दार बंद झाले तर परत येण्याचे कारणच उरत नाही. ठरलेल्या तारखा ठेवून एखाददुसऱ्या स्वाध्यायाची सूट द्यावी, हे मला अधिक व्यवहार्य वाटते.

प्रारंभी एकदा अभ्यासाचे वेळापत्रक लिहून घेतले म्हणजे काम झाले, असेही समजू नये. सुमारे अडीच लाख विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अशा नियोजनाने पहिल्या काही आठवड्यांतला सहभाग वाढला, पण अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यांचे प्रमाण वाढले नाही. म्हणून वेळापत्रकाची उजळणी दर दोन-तीन आठवड्यांनी करून पाहावी आणि एका तुकडीत एकच बदल करावा, म्हणजे फरक कशामुळे पडला ते ओळखता येईल.