वडिलांच्या वयाची तीन वर्षे

माझे वडील मुंबई महापालिकेच्या अग्निशमन दलातून निवृत्त झाले. गेल्या वर्षी त्यांचे वय ७१ असूनही सत्तरीपुढील ज्येष्ठांसाठी असलेले आयुष्मान कार्ड (सरकारी आरोग्य विम्याचे कार्ड) निघेना, कारण आधार नोंदणीच्या वेळी कोणीतरी अंदाजाने लिहिलेल्या जन्मवर्षानुसार ते ६८ वर्षांचे ठरत होते. सेवापुस्तकात आणि पासपोर्टवर तारीख बरोबर होती; मात्र या योजनेत पात्रता आधारवरील वयानेच ठरते, हे कळायला आम्हाला दोन महिने लागले. तोवर आम्ही भायखळ्याला दलाच्या मुख्यालयात निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठीच खेटे घालत होतो, जे व्यर्थ होते. अखेर पासपोर्ट दाखवून आधारमधील तारीख दुरुस्त करून घेतली (ही दुरुस्ती साधारणपणे एकदाच करता येते, म्हणून अर्जातील अंक मी तीनदा वाचले) आणि मग ई-केवायसी (आधारवरून होणारी ओळख पडताळणी) लगेच झाले. वर्षाला ५ लाख रुपयांच्या या संरक्षणासाठी उत्पन्नाची अट नाही आणि खासगी विमा असला तरी ते मिळते.

शेजारचे निवृत्त हवालदार काका आमच्यासारखेच निवृत्तिवेतनाचे कागद मिळवायला महापालिकेत निघाले होते. पोलीस दल राज्य शासनाचे असल्याने त्यांच्या निवृत्तिवेतनाची कागदपत्रे तिथे नसतात, हे सांगून त्यांना थांबवले. कार्डासाठी त्यांनाही फक्त आधारच लागले.