मोबाइलवर सहावी ते आठवीचं गणित: या चुका टाळा

वही न उघडता ॲप उघडणं ही चूक सोलापुरात घरोघरी दिसते. बाबा कारखान्यातून आले की फोन मिळतो, मूल पलंगावर आडवं पडून पटापट पर्याय दाबतं, हिरव्या टिका येतात आणि घरचे खूश. चार पर्याय आणि पुन्हा प्रयत्नाची मुभा असेल, तर काहीच न येणारं मूलसुद्धा तिसऱ्या दाबापर्यंत चारपैकी तीन प्रश्नांत बरोबर ठरतं. टक्केवारी कसली बघता?

जुळे सोलापुरातल्या एका आठवीच्या मुलाचं बघा. ॲपवर एकचल समीकरणांचा धडा पूर्ण, शाळेच्या चाचणीत मात्र भोपळा. घरच्यांनी त्याच धड्याचे आणखी व्हिडिओ लावले, वर महागड्या पॅकेजची चौकशीही झाली. शेवटी वहीत सोडवायला बसवलं तेव्हा घोळ दिसला. −3(क्ष − 2) = 9 मध्ये कंस सोडवून त्यानं −3क्ष − 6 = 9 लिहिलं आणि क्ष = −5 काढलं. −3 गुणिले −2 म्हणजे +6, म्हणून खरं उत्तर −1. समीकरण त्याला येत होतं, कच्चा होता तो सातवीतला पूर्णांकांचा गुणाकार. तो धडा लावून रोज दहा गणितं वहीत करून घेतली, तेव्हा गाडी हलली.

आठवीच्या मुलाला सातवीचा, प्रसंगी पाचवीचा धडा लावायचा म्हटलं की पालकांना कमीपणा वाटतो. लावा. महिन्यात 'सिलॅबस कव्हर' करायची घाई असणाऱ्यांनी ॲपच्या नादी लागूच नये. आणि ताळा करायची सवय लावा: −5 मूळ समीकरणात घातलं की डावीकडे 21 येतात, 9 नाही. चूक जागच्या जागी सापडते.

माध्यम न बघता व्हिडिओ लावणं ही पुढची चूक. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कित्येक घरांत बोलणं तेलुगू, शाळा सेमी-इंग्रजी आणि व्हिडिओ हिंदी. वर्गात 'एलसीएम', व्हिडिओत 'लघुत्तम', मराठी माध्यमातल्या ताईच्या तोंडी 'लसावि'. पोरगं तीन वेगळ्या गोष्टी समजून बसतं. सरकारच्या दीक्षा ॲपमध्ये बोर्ड, माध्यम आणि इयत्ता आधी नीट निवडा, किंवा बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड सरळ स्कॅन करा. वहीच्या शेवटच्या पानावर दोन्ही भाषांतले शब्द समोरासमोर लिहून ठेवा.

गणिताचा फोटो काढून उत्तर देणारी ॲप काढून टाका. चर्चा नको.

खान अकॅडमी या शिकवणी ॲपच्या सरावात हिंट घेतली की तो प्रश्न चुकीचा धरतात, म्हणून मुलं ती टाळतात आणि अंदाज मारतात. अडलं तर हिंट घेऊ द्या, गुण गेले तरी चालतील. मग तेच गणित न बघता वहीत पुन्हा.

दीडपट वेगानं व्हिडिओ बघणं बंद. उदाहरण पडद्यावर आलं की थांबवायचं, आधी स्वतः सोडवायचं, मग पुढे.

ॲपमध्ये उत्तर म्हणून दीड लिहिताना 1 आणि 1/2 यांच्यामध्ये जागा सोडली नाही, तर ते 11/2, म्हणजे साडेपाच होतं. 'ॲपच चुकीचं आहे' या तक्रारी बऱ्याचदा इथूनच निघतात.

धडा खरंच आला का, हे तोंडी विचारा: हजाराच्या चादरीवर 20 टक्के सूट, उरलेल्यावर आणखी 10 टक्के, तर किती द्यायचे? 700 म्हणालं तर शेकडेवारीचा धडा पुन्हा लावा, 720 म्हणालं तर पुढचा.