संस्कृतातला संधी शिकायचा तर तक्ता नंतर, तोंड आधी

शाळेत संधीचा तक्ता फळ्यावर आला की निम्मा वर्ग तिथेच गारद होतो. तक्ता तूर्त बाजूला ठेवा.

आधी रोजचे शब्द फोडा: गण + ईश, सूर्य + उदय, सदा + एव, प्रति + एक. सांध्यावर काय बदललं तेवढंच वहीत टिपा. गुण, वृद्धी, यण् ही नावं मागाहून चिकटवता येतात.

मग जिभेकडे लक्ष द्या. 'इति आदि' न थांबता भराभर म्हणून पाहा. 'इ'चा 'य्' आपोआप होतो, कारण दोघांची जागा टाळूच. 'सु आगत' म्हणताना ओठांतला 'उ' तसाच 'व्'कडे सरकतो. पाणिनीने हे 'इको यणचि' या तीन पदांत बसवलं: इ-उ-ऋ-ऌ यांच्यापुढे विजातीय, म्हणजे वेगळ्या जातीचा, स्वर आला की य्-व्-र्-ल्. व्यंजनांचंही तसंच. 'सत् + जन' म्हणताना दातांशी असलेली जीभ पुढच्या 'ज'साठी आधीच टाळूला लागते, म्हणून 'सज्जन'.

विसर्ग आला की पुढचं अक्षर बघा. अकारानंतरचा विसर्ग मृदू व्यंजनापुढे (ग, ज, द, ब, र यांसारख्या) 'ओ' देतो: मनः + रथ = मनोरथ. 'क' कठोर, म्हणून संस्कृतात मनःकामना. मराठीत 'मनोकामना' रुळलंय ते रुळलंय, पण संस्कृतच्या पेपरात लिहू नका.

आता पेन्सिल घेऊन गीतेचा पहिला श्लोक काढा. 'पाण्डवाश्चैव' म्हणजे पाण्डवाः + च + एव. एका शब्दात दोन संधी. खरा चकवा 'समवेता युयुत्सवः' इथे आहे. मूळ शब्द 'समवेताः'. 'आ'नंतरचा विसर्ग 'य'पुढे लोपला. शब्द सुटेच दिसतात, त्यामुळे इथे संधी झालाय हे ध्यानातच येत नाही. रोज एक श्लोक असा फोडा आणि पदच्छेद (सुटी केलेली पदं) दिलेल्या प्रतीशी ताडून पाहा.

अपवादांत आधी एक शिका: द्विवचनाच्या (दोघांसाठीच्या रूपाच्या) शेवटचे ई, ऊ, ए पुढच्या स्वरात मिसळत नाहीत. 'मुनी इमौ' (हे दोन मुनी) तसंच राहतं.

स्वतः वाक्य लिहिताना मात्र धास्ती नको. समासात आणि उपसर्ग-धातूंत संधी सक्तीचा. वाक्यातल्या सुट्या पदांत तो बोलणाऱ्याच्या मर्जीवर. 'अहम् अत्र अस्मि' असं खुशाल लिहा.