कंपनीची वेबसाइट अपडेट करताना या चुका टाळा

२२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि ठिबक सिंचनाच्या संचावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मी ज्या कारखान्याची वेबसाइट सांभाळतो, तिथल्या ऑफिसातल्या ताईंनी त्याच दिवशी किमतींचं पेज बदललं. तरीही पुढचे कितीतरी दिवस डीलरांचे फोन येत राहिले : "ताई, तुमच्या साइटवर तर अजून बाराच टक्के दिसतोय." ताई म्हणायच्या, बदललंय. डीलर म्हणायचे, समोर उघडून बसलोय. दोघंही खरंच बोलत होते. डीलर ते पेज बघतच नव्हते. ते गूगलवर कंपनीचं नाव आणि 'प्राइस लिस्ट' टाकायचे आणि थेट जुनी पीडीएफ उघडायचे.

ही चूक मला सगळ्यात जास्त वेळा दिसते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. वर्डप्रेसमध्ये, म्हणजे बऱ्याच कंपन्यांच्या साइट ज्या सॉफ्टवेअरवर चालतात त्यात, नवी पीडीएफ चढवली म्हणजे जुनी निघून गेली, असं होत नाही. चढवलेल्या फाइली वर्ष आणि महिन्याच्या फोल्डरमध्ये जातात. त्याच महिन्यात त्याच नावाची फाइल पुन्हा चढवली, तर नव्या फाइलच्या नावामागे '-१' लागतो. महिना बदलला असेल, तर ती वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. कसंही झालं तरी जुनी फाइल जागच्या जागी राहते आणि तिचा पत्ता, म्हणजे लिंक, चालू राहतो. तो पत्ता गूगलकडे असतो, डीलरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असतो, दोन वर्षांपूर्वीच्या ईमेलमध्ये असतो.

म्हणून पेजवरची लिंक बदलून थांबू नका. मीडिया लायब्ररीत जाऊन जुनी फाइल काढून टाका आणि तिचा पत्ता नव्या फाइलकडे ३०१ रीडायरेक्टने (जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी सोय) वळवा. त्याहून सोयीचं म्हणजे पत्ता तोच ठेवून आतली फाइल बदलणारं प्लगिन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, वापरा. दरवर्षी बदलणाऱ्या दरपत्रकाच्या फाइलच्या नावात साल घालू नका. 'लागू दिनांक' पहिल्या पानावर ठळक छापा. गूगल तरीही जुनी फाइल दाखवत असेल, तर सर्च कन्सोलमधून (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) ती काढायची विनंती करता येते. पण त्याने ती साधारण सहा महिनेच लपते, आणि तीही फक्त गूगलच्या निकालांतून. मूळ फाइल काढलेली नसेल, तर ती पुन्हा वर येते.

माझं स्पष्ट मत आहे की दर पीडीएफमध्ये नकोतच. पेजवर साधा तक्ता ठेवा, ज्याला छापायचा तो छापून घेईल. दर एकाच जागी राहिला, की तो एकाच जागी बदलावा लागतो.

बदल केला, पण दिसत नाही

अशा वेळी घाबरून पाच वेळा सेव्ह करू नका. आधी ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी उघडून बघा, मग ऑफिसचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघा. लॉगिन असताना नवं दिसतं आणि लॉगिन नसताना जुनं, तर दोष जवळजवळ नक्की कॅशेचा आहे. कॅशे म्हणजे पेजची तयार करून ठेवलेली प्रत. ती एकाच ठिकाणी असते असं समजू नका : एक कॅशेच्या प्लगिनमध्ये, एक होस्टिंगच्या (जिथे साइटच्या फाइली ठेवलेल्या असतात त्या सेवेच्या) पॅनलमध्ये आणि साइट आणि वाचक यांच्यामध्ये बसणारी क्लाउडफ्लेअरसारखी सेवा घेतली असेल तर तिसरी तिथे. याच क्रमाने रिकाम्या करत जा, प्रत्येक वेळी तपासा.

लॉगिन असतानाही नवं दिसत नसेल, तर कॅशेच्या मागे लागू नका. बहुतेक वेळा मसुदा सेव्ह झालेला असतो आणि बदल प्रसिद्ध करायचं बटण दाबायचं राहिलेलं असतं. कधी 'आमच्याविषयी' नावाची दोन पेजं असतात आणि मेनूत दुसरंच जोडलेलं असतं. फूटरमधला, म्हणजे साइटच्या तळाच्या पट्टीतला, मजकूर तर पेजमध्ये नसतोच, तो विजेटमध्ये (वेगळ्या ठेवलेल्या छोट्या चौकटीत) किंवा थीमच्या, म्हणजे साइटच्या रूपरचनेच्या, टेम्प्लेटमध्ये असतो.

फूटरमधला पत्ता

औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर २०२३ मध्ये झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४ मध्ये. पण कित्येक कंपन्यांच्या साइटवर फूटरमध्ये नवं नाव, संपर्काच्या पेजवर जुनं आणि गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवर तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेलं असतं. एकदा बसून सगळीकडचा पत्ता सारखा करा. बाहेरच्या राज्यातला ग्राहक अजूनही जुन्या नावाने शोधतो, म्हणून संपर्काच्या पेजवर 'पूर्वीचे औरंगाबाद' असं एकदा लिहिलेलं असू द्या.

हा नुसता नीटनेटकेपणाचा प्रश्न नाही. कंपनी कायद्याखालच्या २०१४च्या इन्कॉर्पोरेशन नियमांतला नियम २६ सांगतो की कंपनीची वेबसाइट असेल, तर कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, २१ अक्षर-अंकांचा सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक), फोन, ईमेल आणि तक्रारीसाठी संपर्क करायच्या व्यक्तीचं नाव होमपेजवर हवं. यातलं शेवटचं हमखास शिळं होतं. माणूस नोकरी सोडून जातो, त्याचं नाव तिथेच राहतं आणि तक्रार करणारा ग्राहक कुणीच उघडत नसलेल्या ईमेलवर लिहीत बसतो. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांना सेबीच्या २०१५च्या नियमांनुसार वेबसाइटवरच्या माहितीतला बदल दोन कामकाजाच्या दिवसांत करावा लागतो. छोट्या कंपनीनेही स्वतःला हीच मुदत घालून घ्यावी, असं मला वाटतं.

डीटीपीवाल्याकडून आलेला मराठी मजकूर

माहितीपुस्तिका छापून झाली की तोच मजकूर साइटवर चिकटवला जातो आणि पेजवर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. फॉन्ट निघाला की आत नुसती इंग्रजी अक्षरं उरतात. कुणी त्याचा फोटो काढून लावतं. तसं करू नका, फोटोतला मजकूर शोधायला आणि कॉपी करायला अवघड जातो. मजकूर युनिकोडमध्येच मागा, म्हणजे फॉन्ट बदलला तरी मराठी मराठीच राहते. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं कन्व्हर्टर वापरलात, तर रफार, ऱ्ह-ऱ्य आणि जोडाक्षरं डोळ्यांनी वाचून तपासा. आणि वर्डमधून आणताना कंट्रोल-शिफ्ट-व्हीने चिकटवा, नाहीतर तिथले रंग आणि अंतरं सोबत येतात.

मराठी पेजच्या वेब-पत्त्यात (लिंकमध्ये) मराठी मथळा जसाच्या तसा ठेवू नका. तिथे देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह नऊ चिन्हांत लिहिलं जातं, काना-मात्रासुद्धा वेगळी मोजली जाते. वर्डप्रेसची मर्यादा २०० चिन्हांची आहे, म्हणजे बाविसेक चिन्हांनंतर पत्ता मध्येच तुटतो. रोमन लिपीत दोन-तीन शब्दांचा पत्ता द्या. तो प्रसिद्ध करण्यापूर्वीच ठरवा, नंतर बदललात तर इथेही रीडायरेक्ट लागेल.

सगळ्यांना एकच पासवर्ड

मजकूर बदलणाऱ्या माणसाला 'एडिटर'चा अधिकार पुरतो, 'अ‍ॅडमिन'चा नको. प्रत्येकाचं खातं वेगळं ठेवा. मग कुणी काय बदललं, ते पेजच्या रिव्हिजनमध्ये, म्हणजे जपून ठेवलेल्या जुन्या प्रतींमध्ये, दिसतं आणि जुना मजकूर एका क्लिकवर परत आणता येतो.

आज एक गोष्ट मात्र नक्की तपासा : सेटिंग्जमधला अ‍ॅडमिनचा ईमेल. प्लगिन अपडेट केल्यावर साइट कोसळली, तर २०१९पासून वर्डप्रेस त्या ईमेलवर रिकव्हरीची लिंक पाठवतं. एका कंपनीत ती लिंक तीन वर्षांपूर्वी काम सोडलेल्या मुलाच्या ईमेलवर जात राहिली आणि साइट अडीच दिवस बंद होती. तुमच्याकडेही असं झालं, तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये जाऊन नुकत्याच अपडेट केलेल्या प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदला. ते प्लगिन बंद पडतं आणि बहुतेक वेळा साइट लगेच उघडते. त्यासाठी होस्टिंगचं लॉगिन कुणाकडे आहे, ते मात्र आधी माहीत असायला हवं.