टोकियोत एकट्याने काढायचा एक दिवस : निघण्यापूर्वीची तयारी

टोकियोत केवळ खरेदी आणि खाणे यांसाठी एक दिवस राखून ठेवला असेल, तर तयारीची सुरुवात वार ठरवण्यापासून करावी. काप्पाबाशी हा स्वयंपाकघरातील भांडी-अवजारांचा रस्ता या दिवसाचे खरे आकर्षण आहे आणि तेथील बरीच दुकाने रविवारी बंद असतात. शनिवार-रविवारी दुपारी गिंझा या खरेदीच्या भागाचा मुख्य रस्ता वाहनांसाठी बंद करून पादचाऱ्यांना मोकळा ठेवतात, हे खरे. तरीही मी कामाचा वार निवडेन, कारण नोकरदारांसाठी दुपारी मिळणारे ठरावीक जेवण, म्हणजे भात, सूप, लोणचे आणि एक मुख्य पदार्थ, रात्रीच्या मानाने स्वस्त असते आणि त्या वेळी एकट्याने जेवायला आलेल्यांचीच गर्दी अधिक असते.

दुसरी गोष्ट मार्गाची. शहर अवाढव्य असल्याने चार दिशांची चार ठिकाणे यादीत लिहिली की दिवस स्थानकांच्या जिन्यांवरच संपतो. म्हणून एकच भुयारी मार्ग धरावा. माझ्या मते तो गिंझा लाइनचा असावा. १९२७ मध्ये उएनो आणि आसाकुसा यांच्या दरम्यान सुरू झालेली ही जपानमधील पहिली भुयारी रेल्वे असून, गिंझा, निहोनबाशी, उएनो आणि काप्पाबाशीजवळचे तावारामाची ही सर्व स्थानके तिच्यावरच येतात. फलकावर नारिंगी वर्तुळात ‘जी’ अक्षर आणि क्रमांक असतो. गिंझा ९, उएनो १६, तावारामाची १८ एवढे लक्षात ठेवले की नकाशा वारंवार उघडावा लागत नाही. सुइका किंवा पास्मो या प्रवासभाड्याच्या कार्डात आदल्या रात्रीच पैसे भरून ठेवावेत, कारण तेच कार्ड किराणा-खाऊच्या दुकानांत, पेयांच्या यंत्रांवर आणि स्थानकांवरील अनेक लॉकरनाही चालते.

पासपोर्टची प्रत किंवा मोबाइलमधील छायाचित्र पुरत नाही, मूळ पासपोर्टच जवळ असावा. परदेशी पाहुण्याने तो सतत बाळगावा असा तेथील कायदाच आहे, शिवाय करसवलतही त्यावरच मिळते. खरेदीवर लागणारा उपभोग कर साधारण १० टक्के असतो आणि एकाच दुकानात एका दिवसात करपूर्व किमान ५,००० येनची खरेदी झाल्यास पर्यटकाला तो माफ होतो. मात्र १ नोव्हेंबर २०२६ पासून ही पद्धत बदलते : कर आधी दुकानात भरायचा आणि देश सोडताना सीमाशुल्क तपासणीनंतर तो परत घ्यायचा. त्यामुळे वस्तू कोठे गुंडाळून ठेवल्या आहेत, हे विमानतळावर सांगता आले पाहिजे.

रोख पैशांत १,००० येनच्या नोटा अधिक असाव्यात. रामेनच्या, म्हणजे रस्सेदार नूडल्सच्या, छोट्या दुकानांत दाराशीच तिकिटाचे यंत्र असते आणि जुनी यंत्रे मोठी नोट घेत नाहीत. जुलै २०२४ मध्ये आलेल्या नव्या नोटाही काही यंत्रांना अद्याप ओळखता येत नाहीत. सुट्या नाण्यांसाठी वेगळे पाकीट घ्यावे, कारण ५०० येनचेही नाणेच असते आणि दुपारपर्यंत खिसा जड होतो. टीप देण्याची पद्धत नाही, तेव्हा तो हिशेब वगळावा.

एकट्याने जेवण्याचा संकोच मात्र येथे घरीच ठेवून निघावे. काउंटरसमोरची एकेकट्या खुर्च्यांची रांग हा या शहराचा नेहमीचाच थाट आहे. दारात एक बोट वर करून ‘हितोरी देस’, म्हणजे ‘मी एकटाच आहे’ किंवा ‘एकटीच आहे’, एवढे म्हणता आले तरी पुरते. शाकाहारी व्यक्तीने मात्र याहून अधिक तयारी करावी. दाशी हा मूळ रस्सा बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाच्या पापुद्र्यांपासून करतात आणि तो सूपमध्ये, नूडल्सच्या रश्श्यात, शिजवलेल्या भाज्यांतही असतो, त्यामुळे ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. मांस, मासे आणि माशांचा दाशी चालत नाही, असे जपानीत लिहिलेले कार्ड जवळ ठेवावे आणि ते बसण्याआधी दाखवावे. ताटात आल्यावर विचारणे तुम्हाला आणि वाढणाऱ्याला, दोघांनाही अवघड होते. काही ठिकाणी बूट काढून चटईवर बसावे लागते, म्हणून मोजे धडके घालावेत, ही सूचना क्षुल्लक वाटली तरी वगळू नये.

पिशवीत हात पुसायचा रुमाल हवा, कारण स्वच्छतागृहांत कागद किंवा वाळवणी यंत्र असेलच असे नाही. कचऱ्यासाठी छोटी पिशवी हवी, कारण रस्त्यावर कचराकुंड्या फारशा नसतात. कापडी पिशव्या दोन घ्याव्यात. जुलै २०२० पासून दुकानात प्लास्टिक पिशवीचे पैसे पडतात. चालत चालत खाणे बरे मानत नाहीत, म्हणून उएनोच्या आमेयोको बाजारात जे घ्याल ते ठेल्यापाशीच उभे राहून संपवावे.

खरेदीचा क्रम हीसुद्धा तयारीच आहे. हलक्या वस्तू, उदाहरणार्थ गिंझातील कागद आणि लेखनसाहित्य, सकाळी घ्याव्यात. चिनी मातीची भांडी आणि सुरी शेवटी. सुरी घेऊन दिवसभर हिंडू नये, कारण सहा सेंटिमीटरहून लांब पाते सबळ कारणाशिवाय बाळगणे तेथे गुन्हा आहे. दुकानाने बांधून दिलेले खोके न उघडता थेट मुक्कामी न्यावे आणि परतताना ते विमानतळावर जमा करायच्या मोठ्या बॅगेतच भरावे. काप्पाबाशीतील अनेक दुकाने पाचच्या सुमारास बंद होतात, तेव्हा साडेतीनपर्यंत तेथे पोहोचता येईल एवढा वेळ मोकळा ठेवावा.

मुक्कामी सामान टाकून झाल्यावर दुसरी, अजून रिकामी असलेली कापडी पिशवी घेऊन निहोनबाशीला यावे. मित्सुकोशीमाए, म्हणजे ‘मित्सुकोशीसमोर’, या स्थानकातून मित्सुकोशी या जुन्या, मोठ्या बहुविभागी दुकानाच्या तळघरात थेट जाता येते आणि बंद होण्याआधीच्या तासाभरात तेथील तयार खाद्यपदार्थांवर सवलतीच्या चिठ्ठ्या लागू लागतात. घरी न्यायच्या पदार्थांवर कर ८ टक्केच असतो. बसून खायला तेथे जागा क्वचितच मिळते, म्हणून चॉपस्टिक मागून घ्याव्यात आणि डबा खोलीवर उघडावा.