आशाताईंना बाळांचे कान तपासायला शिकवण्याआधी

नवजात बाळाला ऐकू येतं का हे छोट्या मशीनवर तपासायला आशाताईंना शिकवायचं, त्याची ही तयारी. सगळ्यात आधी तारीख. बीडसारख्या ऊसतोडीच्या जिल्ह्यात हे प्रशिक्षण दसऱ्याच्या आत उरकून घ्या. टोळ्या कारखान्यांवर गेल्या की गावात आशाताई उरतात, बाळंतिणी उरत नाहीत, आणि शिकलेलं हातात बसायला बाळंच मिळत नाहीत. दसरा हुकला तर सरळ उन्हाळ्याच्या शेवटी, लोक परतल्यावर ठेवा. लसीकरणाचा वार, मासिक बैठक आणि कुठल्या ना कुठल्या सर्व्हेची शेवटची तारीख चुकवून दोन दिवस हवे असतील तर आशाताईंचं काम बघणाऱ्या गटप्रवर्तक ताईंना फोन करा. ऑफिसातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरपेक्षा त्यांची वही खरी.

मग जागा. मागच्या खेपेला आम्ही पत्र्याच्या हॉलवर भागवलं. अकराला पावसाची सर आली आणि मशीनवरची गोंगाटाची पट्टी लाल झाली, ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत लालच. नऊ बाळं आली होती, तपासणी पुरी झाली दोघांची. तेव्हा खोली स्लॅबची आणि रस्त्यापासून आत असलेली बघा. आदल्या दिवशी त्याच वेळेला तिथे जाऊन, पंखे बंद करून पाच मिनिटं नुसतं बसा. पाण्याची मोटर, शेजारची पिठाची गिरणी, कुरकुरणारा फ्रिज हे सगळं तेव्हाच कळतं. शाळेची खोली असेल तर मधल्या सुट्टीची वेळ विचारून ठेवा.

ओएई मशीन, म्हणजे कानात आवाज सोडून कानाचं उत्तर टिपणारं मशीन, चौघींमागे एक तरी हवं. वीसजणींत एक मशीन म्हणजे प्रशिक्षण नव्हे, प्रदर्शन. रात्री चार्जिंगला लावा, सकाळी प्रोब (मशीनचं कानात घालायचं टोक) स्वतःच्या कानात घालून बघा. एरवी पास होणारा तुमचा कान आज रेफर (पास नाही, पुन्हा तपासा) दाखवत असेल तर आधी प्रोब तपासा. रबरी टिपा सर्वांत लहान मापाच्या जास्त घ्या. प्रोबच्या छिद्रात मळ अडकतो, तो काढायची तार किंवा दोरा पेटीत आहे ना, ते पाहा.

मळापेक्षा जास्त त्रास तेलाचा. आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालणारी बाई टाळूबरोबर कानातही कोमट तेल सोडते. टिप बाहेर काढली की चकचकीत निघते आणि रिझल्ट रेफर. कान चांगला असतो, वाट बुजलेली असते. पहिल्या एक-दोन दिवसांतही तसंच: कानात ओल आणि जन्मावेळचा चिकट पांढरा थर असतो, त्यामुळे घाईने तपासलेली बरीच बाळं उगाच रेफर होतात. म्हणून बोलावलेल्या आयांना दोन दिवस आधी निरोप द्या: कानात तेल नको, आणि जमलं तर बारशाच्या आधी आणा, कारण कान टोचलेले असले की हात लावताच बाळ किंचाळतं.

वेळेचं गणित आम्हाला एका आजीने शिकवलं. आम्ही दुपारी तीनला बाळं बोलवायचो आणि ती रडत बसायची. आजी म्हणाली, “न्हायला घातलं, शेक-धुरी झाली, पोटभर पाजलं की ते दोन तास मेल्यागत झोपतं, तवा या की.” तेव्हापासून बाळं सकाळी, आंघोळीनंतर. दूध तिथेच पाजता यावं म्हणून आडोसा, पडदा, स्वच्छ गाद्या आणि बाळंतिणीला आणायला-सोडायला गाडी, एवढं यादीत ठळक लिहा. आयांची परवानगी आधी, लेखी. ताईंनाही तेच सांगायचं: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीच्या गृहभेटी आहेतच, त्यातली सातव्याची धरा, पण घरी पोचा ते आंघोळ उरकल्यावर.

शिकवण्याची तयारी त्या मानाने सोपी. कान नुसता आवाज घेत नाही. आतल्या केशपेशी उत्तरादाखल अगदी बारीक आवाज परत सोडतात, तो प्रोबमधला मायक्रोफोन टिपतो. 1978 साली लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी तो पहिल्यांदा नोंदवला. एक ताई म्हणाली, “म्हणजे हिरीत हाक मारल्यावानी.” आता आम्ही तेच वापरतो. मात्र हाक परत आली म्हणजे पुढची नसही ठीक, असं नाही. काचेच्या पेटीत पाचाहून जास्त दिवस काढलेलं, काविळीसाठी रक्त बदललेलं किंवा मेंदूज्वर होऊन गेलेलं बाळ ओएईत पास झालं तरी त्याची बेरा, म्हणजे कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेची तपासणी, करायची. घरात कुणी लहानपणापासून बहिरं आहे का, नवरा-बायको मामेभाऊ-आतेबहीण लागतात का, हेही विचारायला शिकवा. ताईंना बहुधा आधीच माहीत असतं. बेरा कुठे होते, कुठल्या वारी, किती वाजेपर्यंत नाव घेतात, हे स्वतः फोन करून विचारा आणि फळ्यावर लिहा.

आता खरं काम, आणि त्याला अख्खी दुपार राखून ठेवा. हजारात एक ते तीन बाळं जन्मतः ऐकण्यात अधू असतात. एका आशाताईकडे साधारण हजार लोकवस्ती, वर्षाला पंधरा-वीस बाळंतपणं. म्हणजे खरोखर बहिरं बाळ तिला अख्ख्या नोकरीत एखादंच दिसेल, कदाचित दिसणारही नाही. पण रेफर मात्र दरवर्षी येईल, आणि बहुतेक वेळा ते तेलाचं, ओलीचं, चुळबुळीचंच असेल. यातून दोन चुका हमखास होतात. नवी ताई घाबरून “मशीन नाही म्हणतंय” म्हणते आणि घरात रडारड होते. मुरलेली ताई “काही नाही, होतं असं” म्हणते आणि कुणी परत येत नाही. दुसरी चूक जास्त महाग पडते, कारण महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहाच्या आत उपचार सुरू, हा सगळा हिशेब तिथे मोडतो. आम्ही एकच वाक्य पाठ करून घेतो: “आज नीट कळलं नाही, पंधरा दिवसांनी मी परत येते, तोवर कानात तेल नको.” दुसऱ्यांदाही तसंच आलं तर: “आता मोठ्या मशीनवर दाखवायलाच लागतंय, मी संगं येते.” सासू, सून आणि ताई अशा जोड्या लावून हे प्रत्येकीकडून म्हणून घ्या. सासूच्या तोंडी नेहमीचे दोन संवाद द्या: “थाळी वाजवली की दचकतंय की” आणि “ह्याचा बाप बी चार वर्सांचा होईस्तोवर बोलत नव्हता.” थाळीला कमी ऐकणारं बाळही दचकतं, शिवाय हात हललेला त्याला दिसतो, हे तिथल्या तिथे करून दाखवायला एक थाळी न्या.

मोबदल्याचा प्रश्न पहिल्या तासात येणार. बेचाळीस दिवसांच्या भेटींचे अडीचशे रुपये त्यांना माहीत आहेत, या कामाचे किती ते तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आधी विचारून या. उत्तर नसेल तर नाही म्हणून सांगा.

शेवटी रजिस्टर, छापायला टाकण्याआधी रकाने मोजा. आमच्या पहिल्या रजिस्टरात पत्त्याला एकच रकाना होता. पहिलटकरीण माहेरी बाळंत होते, सव्वा-दीड महिन्याने किंवा तिसऱ्या महिन्यात सासरी जाते, तिथून कोयत्यावर. फेरतपासणीला गेलो की घराला कुलूप. आता माहेर, सासर, कारखान्याचं नाव आणि मुकादमाचा मोबाईल नंबर असे चार रकाने आहेत. बाळंतिणीचा फोन लागत नाही तेव्हा मुकादमाचा लागतो.